ब्राउझर, न्याहाळक की चाळणं?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस एक शब्द डोक्यात घोळतोय म्हणून इथे विचारते. मी सांगलीत साठीच्या पुढच्या लोकांना कॉम्प्युटर शिकवते, घरातच, एका वेळी चार-पाच जण. पहिल्या दिवशी विचारते तुम्ही कुठला ब्राउझर वापरता, तर उत्तर ठरलेलं, "गूगल". बरं, गूगल कशात उघडता, तर म्हणे मोबाइलमध्ये. म्हणजे मधली जी वस्तू आहे, जिच्यातून हे सगळं दिसतं, तिला आपल्या बोलण्यात नावच नाही, आणि नाव नाही म्हणून ती बदलता येते हेही कुणाच्या ध्यानात येत नाही.

चित्रावरून मात्र सगळे बरोब्बर ओळखतात. क्रोम म्हणजे रंगीत चेंडू, एज म्हणजे निळी लाट, ऑपेरा लाल ओ, ब्रेव्ह म्हणजे सिंहवाला, आणि फायरफॉक्स म्हणजे कोल्हा. आमच्या वर्गात "कोल्ह्यात उघडा" म्हटलं की सगळ्यांना कळतं, ब्राउझर म्हटलं की चेहरे कोरे.

मराठीत न्याहाळक असा शब्द आहे, नेटवर बरीच वर्षं वाचतेय. पण मला तो पटत नाही. न्याहाळणं म्हणजे एकाच गोष्टीवर नजर ठरणं, बाळाचा चेहरा न्याहाळतो, पैठणीचा पदर उलटून न्याहाळतो. ब्राउझरमध्ये आपण करतो ते याच्या अगदी उलट, हे उघड ते उघड, दोन ओळी वाच, पुढे जा. त्याला आपल्याकडे चाळणं म्हणतात ना? पेपर चाळला, पुस्तक चाळलं. मग ब्राउझिंगला चाळणं का म्हणू नये? तुम्ही घरी काय म्हणता आणि कुठला वापरता तेही सांगा. मी स्वतः फायरफॉक्सवाली, त्यातल्या रीडर व्ह्यूसाठी, जाहिराती बाजूला करून नुसता मजकूर समोर येतो आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, चष्मेवाल्यांना फार बरं पडतं.

*

ताई, चाळणं या शब्दाला माझं अनुमोदन. रत्नागिरीकडचा आहे, तीसेक वर्षं शाळेत मराठी शिकवलं. चाळण्याचा अर्थ नुसता वरवर बघणं एवढाच नाही हं. आमच्याकडे पावसाच्या आधी कौलं चाळतात, म्हणजे एकेक कौल उचलायचं, बघायचं, फुटकं असेल तर काढायचं, चांगलं परत बसवायचं. पीठ चाळतात तेव्हाही नको ते मागे राहतं. म्हणजे चाळण्यात हात फिरवणं आहे तशी निवडही आहे, आणि इंटरनेटवर माणसाने तेच करावं.

आता गंमत बघा, इंग्रजीतला ब्राउझ हा शब्द मुळात गुराढोरांचा. झाडाझुडपांचे कोवळे शेंडे, पाला खाणं याला ब्राउझ म्हणत, जुन्या फ्रेंचमध्ये कोवळ्या फुटव्याला जो शब्द होता त्यावरून आला. प्राणिशास्त्रात अजून तसाच वापरतात, गाय जमिनीवरचं गवत खाते ती ग्रेझर आणि शेळी शेंडे खुडते ती ब्राउझर. आमच्या आवाटातल्या शेळ्या डोळ्यासमोर आणा, मागच्या दोन पायांवर उभी राहील, एक शेंडा तोडेल, लगेच दुसऱ्या झाडाकडे. नंतर दुकानात वस्तू चाळणं, पुस्तकं चाळणं आणि मग कॉम्प्युटरवर आला. तेव्हा न्याहाळणं अर्थाने बसत नाही हे तुमचं बरोबरच.

मी क्रोम वापरतो, कारण मुलाने तो टाकून दिलाय. दुसरं कारण नाही.

*

मी पुण्यात वेबसाइट बनवायचं काम करतो त्यामुळे दिवसभर पाच ब्राउझर उघडे असतात, थोडं नावांबद्दल लिहितो. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्न या प्रयोगशाळेत लिहिला, त्याचं नाव वर्ल्डवाइडवेब, म्हणजे वेबचं आणि ब्राउझरचं नाव एकच, घोळ व्हायला लागला म्हणून नंतर त्याला नेक्सस म्हणायला लागले. म्हणजे ताई तुमच्या वर्गातला गूगलचा गोंधळ अगदी जन्मापासूनचा आहे.

पुढची नावं बघा, १९९४ चा नेटस्केप नॅव्हिगेटर, १९९५ चा इंटरनेट एक्सप्लोरर, २००३ चा सफारी. सगळी प्रवासाची नावं. आणि सफारी हा शब्द स्वाहिलीतून आला पण मूळ अरबी सफर, म्हणजे आपला सफर आणि मुशाफिर त्याच घरातले. मला वाटतं चाळण्यापेक्षा मुशाफिरी जास्त जवळचा वाटेल.

फायरफॉक्सचं आधी फिनिक्स होतं, मग फायरबर्ड, दोन्ही नावं दुसऱ्यांची निघाली म्हणून २००४ मध्ये फायरफॉक्स. आणि फायरफॉक्स म्हणजे खरं तर तांबडा पांडा, आपल्याकडे सिक्कीम-अरुणाचलात असतो तो. पण चित्र कोल्ह्याचंच काढलंय त्यामुळे तुमचा कोल्हा चुकीचा म्हणता येणार नाही. क्रोमचं तर असं की पानाच्या भोवतीची जी चौकट, बटणं, पट्ट्या असतात त्याला क्रोम म्हणायची पद्धत आधीपासून होती, २००८ मध्ये गूगलने तेच नाव ठेवलं.

कुठला चांगला विचाराल तर आधी इंजिन बघा, म्हणजे साइटचा कोड वाचून पान पडद्यावर काढणारा ब्राउझरचा आतला भाग. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी या सगळ्यांचं इंजिन एकच, गूगलच्या क्रोमियम नावाच्या खुल्या प्रकल्पातलं. बॉडी वेगळी, सीट वेगळे, हॉर्न वेगळा. वेगळं इंजिन म्हणजे फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट, बाकी नाव घेण्यासारखं फार उरलं नाही. आयफोनवर तर तुम्ही क्रोम टाकला तरी आत वेबकिटच असतं, युरोपात २०२४ पासून तो नियम सैल झालाय. म्हणून मी कामाला क्रोम आणि घरी फायरफॉक्स ठेवतो, सगळं जग एकाच इंजिनावर चालायला लागलं तर आम्ही लोक साइटसुद्धा त्या एकालाच तपासून बनवणार. हे एकदा इंटरनेट एक्सप्लोरर सहाच्या काळात झालेलं आहे, तेव्हा "ही साइट एक्सप्लोररमध्येच बघा" अशा पाट्या असायच्या आणि कित्येक मराठी साइटना खास त्यांचा फाँट लागायचा म्हणून बाकी ब्राउझरमध्ये नुसते चौकोन नाहीतर अगम्य अक्षरं दिसायची. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकच ठरलेले क्रमांक देणारी पद्धत, सगळीकडे आलं तेव्हा सुटका झाली.

*

मुशाफिरी छान आहे पण माझी आई म्हणेल का कधी? ती "नेट बघते" म्हणते आणि मला वाटतं खरं क्रियापद तेच आहे, बघणं आणि उघडणं. नवीन शब्दापेक्षा जे शब्द अडतात तिकडे लक्ष द्या असं मला वाटतं. मागच्या वर्षी आईला पेन्शनचं काहीतरी ऑनलाइन भरायचं होतं, पान पुढे जाईना, हेल्पलाइनला फोन लावला तर तिकडचा मुलगा म्हणाला "मॅडम कॅश क्लिअर करा". आईने फोन हातात तसाच धरला आणि माझ्याकडे बघितलं, चेहरा पांढरा पडलेला. तिला वाटलं खात्यातले पैसे रिकामे करायला सांगतायत. आणि फसवणुकीचे फोन इतके येतात की तिने तसं समजणं अगदी बरोबर होतं. तिने फोन ठेवून दिला आणि पुढचे आठ दिवस कॉम्प्युटरला हात लावला नाही. एका शब्दाने. म्हणून म्हणते, ब्राउझरला ब्राउझरच राहू दे पण या कॅशचं काहीतरी करा.

*

वरच्या ताई, वाचून पोटात तुटलं. शिक्षक म्हणून एक सुचवतो. हा ब्राउझरमधला कॅश फ्रेंच "लपवणे" या क्रियापदावरून आला, म्हणजे लपवून ठेवलेला साठा. आपल्याकडे याला शब्द आहे की, पेव! जमिनीखाली खणलेली धान्य साठवायची जागा. मूळ ताई सांगलीच्या आहेत, त्यांच्या शेजारच्या हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध. ब्राउझर पण तेच करतो ना, एकदा आणलेली चित्रं वगैरे पुरून ठेवतो म्हणजे पुन्हा लांबून आणायला नको, आणि कधी कधी ते जुनं कुबट होतं मग पेव रिकामं करायचं. पैशाशी काही संबंध नाही हे लगेच कळतं.

*

काका पेव एकदम पटलं! आणि हरिपूर तर इथून चालत जाण्यासारखं.

काल वर्गात लगेच वापरून बघितलं. त्याच ओघात कुकीसुद्धा सांगितली, ती मी आधीपासून बिल्ल्यावरून सांगते. देवळाबाहेर चपलांच्या स्टँडवर आपल्याला नंबराचा बिल्ला देतात, परत आलो की तो दाखवायचा, तो माणूस आपल्याला ओळखत नसतो, बिल्ला ओळखतो. साइट पण ब्राउझरकडे असा बिल्ला देते. मग एका आजोबांनी विचारलं, दुसऱ्याच दुकानदाराने माझ्या शर्टाला त्याचा बिल्ला लावला आणि मी जिथे जाईन तिथे त्याचा माणूस उभा असला तर? मी म्हटलं यालाच थर्ड पार्टी कुकी म्हणतात, आणि म्हणूनच कोल्हा, सिंह आणि सफारी असले बिल्ले अडवतात किंवा वेगळे ठेवतात. ब्राउझर निवडायचा का असतो हे मला गेली तीन वर्षं समजावता आलं नव्हतं, ते काल त्या एका प्रश्नाने झालं.

आता माझी पुढची अडचण "गुप्त" हा शब्द. ब्राउझरमधल्या इनकॉग्निटो खिडकीला मराठीत गुप्त म्हणतात आणि लोकांना वाटतं आता कुणालाच दिसत नाही. प्रत्यक्षात फक्त तुमच्या मशीनवर हिस्टरी राहत नाही, ती साइट आणि इंटरनेट देणारी कंपनी यांना तुम्ही दिसताच. अमेरिकेत यावरूनच २०२० मध्ये गूगलवर खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत जमवलेली माहिती पुसायचं गूगलने मान्य केलं. म्हणजे शब्द किती महागात पडतो बघा. मला "माग न ठेवणारी खिडकी" असं काहीतरी हवंय पण लांब होतं. घरातला माग पुसला जातो, रस्त्यावरचा नाही, एवढं त्या शब्दातून कळलं पाहिजे. दोन अक्षरी, तीन अक्षरी काही आठवतंय का कुणाला? शेतातला, घरातला, कुठलाही चालेल. सोमवारी नवीन बॅच आहे.