दुकानात बघायचं आणि ऑनलाइन मागवायचं, हे बरोबर आहे का?

चाळीतला_गार्ड (शिकागोजवळ)
आमच्या गावातलं एकुलतं मॉडेल रेल्वेचं, म्हणजे छोट्या प्रतिकृती आगगाड्यांचं दुकान महिनाअखेरीस बंद होतंय. मालक थकले, मुलाला रस नाही. काचेवर ४० टक्के सूटचा कागद लागला आणि त्या शनिवारी गाडी लावायला जागा मिळेना. एरवी कुठे होती ही मंडळी? यायची, डबा हातात घेऊन बघायची, फोनवर भाव ताडायची आणि निघून जायची. मीही त्यातलाच, आधीच सांगून टाकतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला ८५ फुटी प्रवासी डबे हवे होते. मालकांनी आधी विचारलं, घरी रुळाच्या वळणाची त्रिज्या किती इंची? सेटसोबत आलेलं, १८. त्यांनी पाकीट फोडून दोन डबे आपल्या टेस्ट ट्रॅकवर ठेवले. एचओ हे मॉडेलचं माप म्हणजे खऱ्याच्या १:८७, त्यात असा डबा जवळजवळ फूटभर लांब. वळणावर त्याचं पोट आत आलं, टोकं बाहेर गेली, डबे जोडणारा कपलर ओढला गेला आणि एक चाक रुळावरून उचललं. डब्यांची विक्री सोडून त्यांनी मला एक ४० फुटी बॉक्सकार (बंद मालडबा) दिली. वेबसाइट हे विचारते का?

रूळमोजणी (डॅलस)
दादा, गहिवर पुरे. माझ्यापासून दुकान ५० मिनिटांवर, शनिवारी पाचला बंद. मला सांता फे रेल्वे कंपनीचं मॉडेल हवं, तिथे भिंतभर युनियन पॅसिफिक कंपनीची. वळणाचं म्हणाल तर ‘किमान त्रिज्या’ बहुतेक वेळा उत्पादनाच्या पानावरच लिहिलेली असते. वाचायचे कष्ट घ्यायचे.

आणि दुकानं ऑनलाइनने मारली हे अर्धंच खरं. आता बरीचशी इंजिनं आगाऊ नोंदणीवर निघतात. कंपनी जाहीर करते, ऑर्डरी घेते, त्या अंदाजाने चीनमध्ये माल बनवून घेते, संपला की संपला. आवाजवालं डीसीसी (डिजिटल कंट्रोलचं) इंजिन सहज ३०० डॉलरच्या घरात. छोटा दुकानदार असली २० इंजिनं कुणाच्या भरवशावर मांडून ठेवेल?

चाळीतला_गार्ड
मग नोंदणी त्यांच्याकडेच करायची की! ते घेतात. आधी ऑनलाइनला सेल्स टॅक्स चुकायचा, ते आकर्षण होतं. २०१८ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने वेफेअर खटल्यात राज्यांना बाहेरच्या विक्रेत्यांकडूनही तो वसूल करायची मुभा दिली. आता फरक उरला तो सवलतीचा.

रूळमोजणी
३०० वर १५ टक्के म्हणजे ४५ डॉलर. चार पाकिटं रूळ येतात त्यात. सल्ल्याची फी म्हणून द्यायची असेल तर तसं म्हणा.

धुकं_आणि_वाफ (लेस्टर)
ऑनलाइनवाले अमरपट्टा घेऊन आलेत असं नका समजू. हॅटन्स १९४६ साली लिव्हरपूलमध्ये दुकान म्हणून सुरू झालं, पुढे मोठा पसारा ऑनलाइन मांडला. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनीच धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. इथल्या कित्येकांची सगळी खरेदी तिथूनच व्हायची.

कोथरूडकर (पुणे)
मंडळी, तुम्ही भरल्या ताटावरून भांडताय. आमच्याकडे २०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २० वरून ६० टक्क्यांवर नेली, तेव्हापासून परदेशी सेटच्या किमतीकडे बघवत नाही. बरं, आणलं तरी इंजिन जर्मन नाहीतर अमेरिकन. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, १:८७ ने भागला तर सव्वाएकोणीस येतो. एचओचा रूळ साडेसोळा. म्हणजे आपलं डब्ल्यूएपी-४ हे विजेचं इंजिन केलं तरी ते अंगापेक्षा बारीक चपला घातल्यासारखं दिसणार. तरी केलं, स्टायरीन या प्लास्टिकची शीट कापून.

पण गार्डसाहेबांच्या बाजूने एक सांगतो. हेडलाइटसाठी एलईडी घ्यायला पासोड्या विठोबापाशी, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत गेलो होतो. मी ४७० ओहमचा रेझिस्टर मागितला. दुकानदार म्हणाले, “किती व्होल्टवर चालवणार काका? १२? मग १ के, म्हणजे हजार ओहमचा न्या, उजेड पुरेल आणि प्लास्टिक तापणार नाही.” त्यांना मॉडेल रेल्वे कशाशी खातात ठाऊक नाही. बिल झालं १४ रुपये.

रूळमोजणी
१४ रुपयांवर दुकान चालतं का काका? हाच तर माझा मुद्दा.

कोथरूडकर
त्यांचं चालतं, कारण मागे पंचवीस जण रांगेत उभे असतात. कुणाला पंख्याचा कपॅसिटर हवाय, कुणाला रिमोटची बटणं. एकट्या छंदावर पोट भरायचं म्हटलं तर अवघड, हे मान्य.

चाळीतला_गार्ड
मी काल टेस्ट ट्रॅक विकणार का विचारलं. म्हणाले, तो शेवटच्या दिवशी, आधी नाही. उद्या परत जाणार आहे.

रूळमोजणी
जाताय तर केडी कंपनीचे नंबर ५ कपलर दोन पाकिटं घ्या ना माझ्यासाठी. ऑनलाइन त्यांना पोस्टेजच जास्त पडतं. पैसे पाठवतो.

चाळीतला_गार्ड
घेतो. पूर्ण किमतीने पाठवताय की ४० टक्के कापून?