मदत हवी आहे: गाडी तापली की सेल्फ मारून मारून चालू होत नाही (1994, कार्बोरेटरवाली)

राम राम मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार, ट्रॅक्टरचं थोडंफार समजते पण पेट्रोल गाडीत डोकं चालत नाही. गाडी मामसासऱ्यांकडून दोन वर्षांआधी घेतली, एमएच 29 पासिंग, आरसी 2029 पर्यंत रिन्यू हाय. तीन सिलेंडर, पॉइंट-कंडेन्सरवाला डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीचा करंट वाटणारा). कंपनीचं नाव मुद्दाम लिहत नाही, मागच्या धाग्यात लिहिलं तर अर्धे लोक भंगारात द्या म्हणून मोकळे झाले.

प्रॉब्लेम असा की सकाळी चोक ओढला की तिसऱ्या सेल्फला सुरू होते, त्याचं काही नाही. पण गावातून यवतमाळ 25 किलोमीटर, तिथं बाजारात अर्धा तास उभी केली आणि परत सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरते पण पकडतच नाही. पेट्रोलचा वास येते. मग बोनट उघडून घंटाभर सावलीत ठेवली की जसं काही झालंच नाही अशी एका सेल्फला चालू. आता हे दर वेळी होत नाही, तीनदा गेलो तर दोनदा होते. मागच्या बाजाराला 44 डिग्रीत पोट्ट्यांनी बसस्टँडपर्यंत ढकलली, सौ. भाजीच्या पिशव्या घेऊन मागून चालत होत्या, त्या दिवसापासून घरात या गाडीचं नाव काढायची सोय नाही.

फाट्यावरच्या मिस्त्रीनं प्लग बदलले, बॅटरी नवी, कार्बोरेटर दोनदा धुतला. फरक शून्य. आता म्हणते एसी पंप (टाकीतलं पेट्रोल ओढणारा) बदला. काऊन बदलू? कोणाला असा अनुभव हाय का?

डबल_डिक्लच: भाऊ वास येऊन राहिला म्हणजे ओव्हरफ्लो. उन्हात इंजिन बंद केलं की खालची गरमी कार्बोरेटरला लागते, वाटीतलं पेट्रोल उकळते आणि मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात जाणाऱ्या नळीत) टपकते. ॲक्सिलेटर पूर्ण दाबून धरायचा, पंपिंग करायचं नाही, तसाच आठ-दहा सेकंद सेल्फ. चालू झाली तर हेच होतं समजा.

धागाकर्ता: ते करून पाहिलं दादा, नाही होत.

जुना_वायरमन: पंपाला हात लावू नका अजून. पेट्रोलचा वास आणि ओला प्लग पाहून सगळे कार्बोरेटरच्या मागे लागतात, पण करंट नसला तरी प्लग ओलाच निघते, कारण आत गेलेलं पेट्रोल जळतच नाही. गाडी बंद पडली की तिथंच एक प्लग काढा, वायर लावून प्लगचं लोखंड इंजिनला टेकवा, रबरी मुठीच्या पक्कडनं धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी कडक ठिणगी आली तर करंट ठीक, पिवळी मरतुकडी आली किंवा आलीच नाही तर कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) नाहीतर कंडेन्सर. हो, पेट्रोल सांडलेलं असेल तर आधी उडू द्या, भडका उडाला तर मला शिव्या देऊ नका.

आणि एक विचारतो, बाजारात थांबल्यावर चाबी बंद करता ना?

धागाकर्ता: काल मुद्दाम ऊन पाहून गेलो. ठिणगी एकदम पिवळी, दोनदा तर आलीच नाही. कॉइलवर ओला दुपट्टा गुंडाळला, वीस मिनिटांनी निळी झाली आणि गाडी सुरू. कॉइल इतकी तापली होती की हात ठेववत नव्हता.

चाबीचं म्हणाल तर... सौ. भाजी घेईपर्यंत मी गाणे ऐकत बसतो. चाबी ऑनच असते. त्यानं काय होते?

जुना_वायरमन: अरे बाप्पा! तेच तर होते. पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणारा डिस्ट्रिब्युटरमधला स्विच. पॉइंटच्या गाडीत इंजिन थांबताना पॉइंट मिळालेले राहिले तर चाबी ऑन असेपर्यंत कॉइलमधून सतत करंट जात राहते आणि कॉइल भाजून निघते. पॉइंट उघडे राहिले तर काही होत नाही, म्हणून तुमचं दर वेळी होत नाही. टेप ऐकायचा तर चाबी पहिल्या टप्प्यावर ठेवा, एसीसी लिहिलेलं असते तिथं. आणि कॉइलचा प्राथमिक रेझिस्टन्स मोजा, दोन्ही वायरी काढून.

धागाकर्ता: पुतण्याकडे सोलर पंपाचा मल्टिमीटर होता. गार असताना 1.5 ओहम दाखवते.

जुना_वायरमन: मग दुहेरी घोळ हाय. थेट 12 व्होल्टवर चालणाऱ्या कॉइलचा साधारण 3 ओहम येते. 1.5 वाली कॉइल बाहेरच्या बॅलास्ट रेझिस्टन्ससोबत (करंट कमी करणारा तुकडा) लावायची असते, तो नसला तर ती दुप्पट करंट खाते, पॉइंटही जाळते. कोणीतरी मिळेल ती बसवून दिली दिसते. वायरिंगमध्ये पांढरा चिनी मातीचा लांबट तुकडा दिसते का पाहा, तोच बॅलास्ट.

धागाकर्ता: नाही दिसत. मामसासऱ्यांना फोन केला, म्हणे हो, चार वर्षांआधी कॉइल बदलली होती, स्वस्तात भेटली. आता त्यांना काय बोलणार!

3 ओहमची कॉइल टाकली, पॉइंट काळे पडले होते तेही बदलले, कंडेन्सर लागलीच नवा घातला. काल दुपारी दोनला बाजार करून आलो, पहिल्या सेल्फला चालू. एसी पंपाचे पैसे वाचले.

आता फक्त एक, तीन-चार दिवस उभी राहिली की सकाळी लय वेळ सेल्फ मारावा लागते. हे पंपाचंच असेल का, की वाटीतलं पेट्रोल उडून जाते या गरमीत?