अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या बहिणीचे नाव सातबाऱ्यावर लागेल काय?

प्रश्न (हिंगणघाट तालुका):
नमस्कार. वडिलांच्या नावे गावी कोरडवाहू शेत आहे. ते दिवाळीनंतर वारले, मृत्युपत्र नाही. वारस म्हणून आई, मी आणि धाकटी बहीण. बहीण आता अमेरिकेची नागरिक असून तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या विदेशी नागरिकाला मिळणारे) आहे. विदेशी नागरिकाला भारतात शेती घेता येत नाही, तेव्हा वारसांच्या अर्जात तिचे नावच टाकू नका, असे गावात जो तो सांगतो. पेरणीपासून कापूस वेचण्यापर्यंत माझ्या बरोबरीने राबलेल्या बहिणीला असे वगळणे मला पटत नाही. नियम नेमका काय आहे?

उत्तर १ (वर्धा, वकिली):
गावकरी सांगतात ते खरेदीपुरते बरोबर आहे. परकीय चलन कायद्याखालील २०१९ च्या नियमांनुसार ओसीआय कार्डधारकाला घर घेता येते, परंतु शेतजमीन किंवा फार्महाऊस विकतही घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही मिळवता येत नाही. वारशाने आलेली शेती मात्र त्याच नियमांनी मान्य केली आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे आई, तुम्ही आणि बहीण हे तिघेही पहिल्या वर्गाचे वारस आहात, आणि नागरिकत्व बदलल्याने मुलीचा हक्क जात नाही. वारसांच्या प्रतिज्ञापत्रात तिचे नाव दडवणे म्हणजे खोटे शपथेवर लिहून देणे होय. ते कदापि करू नका. तलाठ्याकडे अर्ज द्या, फेरफारात तिघांचीही नावे येऊ द्या.

उत्तर २ (आर्वी):
आमच्याकडे हाच प्रसंग आला होता. बहीण स्वखुशीने हिस्सा सोडणार असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागते. ती येऊ शकत नसल्यास तिकडील भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र चालते, फक्त ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे असते. पण सही घेण्यापूर्वी तिला एक गोष्ट स्पष्ट सांगा: एकदा सोडलेला हिस्सा तुम्ही तिला पुन्हा विकून किंवा बक्षीस देऊन परत करू शकणार नाही, कारण तो मार्ग नियमानेच बंद आहे. आईचा हिस्साही आईच्या हयातीत बक्षीसपत्राने बहिणीच्या नावे करता येणार नाही. त्यामुळे घाई नको.

उत्तर ३ (वर्धा, वकिली):
आणि उद्या तिने आपला हिस्सा विकायचा ठरवला, तर घेणारा भारतात राहणाराच असावा लागेल. शिवाय विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळ कायद्यामुळे तो शेतकरीही असावा लागेल. रक्कम तिच्या एनआरओ खात्यात (परदेशी राहणाऱ्यांचे भारतातील रुपयांचे बँक खाते) जमा करावी.