ब्रॅडफर्डचा स्टँडर्ड ग्राफ बिघडतोय, आणि व्हायव्हात उत्तर सुचत नाही

निळी_टेस्टट्यूब:
बायोमेडिकल सायन्सचं पहिलं वर्ष. ब्रॅडफर्डने, म्हणजे रंगावरून प्रथिन मोजायच्या पद्धतीने, प्रथिनं मोजायची आहेत. बीएसएचा (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) स्टॉक २ मिग्रॅ/मिली, त्यापासून ०.२ ते १ मिग्रॅ/मिली अशी पाच स्टँडर्ड, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाची द्रावणं. प्रत्येकी २० मायक्रोलिटर घेऊन त्यात १ मिली रीएजंट (रंगाचं द्रावण), रीडिंग, म्हणजे प्रकाशाचं शोषण, ५९५ नॅनोमीटरला. ०.४ च्याच दोन ट्यूब, पण एकीचं रीडिंग ०.३१ आणि दुसरीचं ०.४२. आर-स्क्वेअर (बिंदू रेघेला किती जुळतात याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण) ०.९३ च्या वर जात नाही. चूक कुठे शोधायची? दुसरं म्हणजे, वाचताना सगळं कळतं, पण व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) "५९५ च का?" असं विचारलं की गाडी अडते. अभ्यास कसा करायचा?

पिपेटप्रेमी:
डुप्लिकेटमध्ये एवढा फरक असेल तर ग्राफ बाजूला ठेव आणि पिपेट बघ. २० मायक्रोलिटर कुठल्या पिपेटने घेतलेस? आयएसओ ८६५५ या पिपेटच्या मानकाप्रमाणे पी-२०० ला (२०० मायक्रोलिटरपर्यंतची पिपेट) १.६ मायक्रोलिटरपर्यंत चूक चालते, आणि खालच्या आकड्यांनाही सूट तेवढीच. म्हणजे २०० वर ०.८ टक्के, पण २० वर थेट ८ टक्के. पी-२० ला ही सूट फक्त ०.२ मायक्रोलिटर आहे.

आता हात. पिपेटच्या बटणाला दोन थांबे असतात. ते हवेतच पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचं, मग टिप उभी धरून २-३ मिमी बुडवायची, अंगठा सावकाश सोडायचा आणि एक सेकंद थांबायचं. पटकन सोडलं की हवा शिरते. खोल बुडवलं की टिपच्या बाहेरून थेंब चिकटून येतो. सोडताना टिप ट्यूबच्या भिंतीला टेकवून पहिला थांबा, मग दुसरा, आणि बटण दाबलेलंच ठेवून टिप बाहेर. नवशिक्यांची सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे घेतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबणं. त्यात द्रव जास्त येतो, आणि दर वेळी वेगळा जास्त येतो. प्रथिनाच्या द्रावणासाठी नवी टिप आधी दोन-तीनदा भरून रिकामी करून घे, नाहीतर पहिलं माप कमी पडतं.

क्युव्हेट:
पिपेटचं पटलं, पण सगळा दोष तिच्यावर टाकू नका. २०० मायक्रोलिटर स्टँडर्ड करायला २० स्टॉक अधिक १८० बफर (पातळ करायचं द्रावण) घेण्यापेक्षा १०० अधिक ९०० घेऊन १ मिली करा. स्टॉक परवडत असेल तर हेच बरं. तीच चूक मोठ्या मापात कमी टक्क्यांची होते.

रीएजंट फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बाटली हलक्या हाताने उलटीसुलटी करा, जोरात हलवलीत तर फेस होईल. रीएजंट घातल्यावर किमान ५ मिनिटं थांबा, आणि तासाच्या आत वाचून संपवा, कारण रंग-प्रथिनाचा संयोग हळूहळू गुठळ्या धरतो. पहिली ट्यूब ५ मिनिटांनी आणि शेवटची ४० मिनिटांनी वाचली तर ती तुलनाच नव्हे. दर २० सेकंदांनी एकेका ट्यूबमध्ये रीएजंट घाला आणि त्याच क्रमाने, त्याच अंतराने वाचा. क्युव्हेट (रीडिंगसाठी द्रावण भरायची छोटी चौकोनी नळी) प्लॅस्टिकचीच घ्या, क्वार्ट्झवर निळा डाग बसतो.

ब्लँकमध्ये, म्हणजे प्रथिन नसलेल्या तुलनेच्या ट्यूबमध्ये, नमुन्याचाच बफर हवा. नमुन्यात एसडीएस किंवा ट्रायटन यांसारखे डिटर्जंट असतील तर रीडिंगवर विश्वास ठेवू नका.

आर-स्क्वेअरच्या मागे फार लागू नये, हे माझं मत. ब्रॅडफर्डचा ग्राफ वरच्या टोकाला थोडा वाकतोच. त्यावर सरळ रेघ ओढण्याची आणि ती शून्यातून नेण्याची बळजबरी केली तर खालची उत्तरं चुकतात. नमुना १ मिग्रॅ/मिलीच्या पुढे गेला तर रेघ लांबवायची नाही. नमुना पातळ करायचा, परत वाचायचा आणि उत्तराला त्या पटीने गुणायचं.

कोरा_कागद:
व्हायव्हाबद्दल. वाचताना कळतं ते पुस्तक समोर असतं म्हणून. प्रॅक्टिकल झालं त्याच संध्याकाळी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर तत्त्व, ट्यूबचा तक्ता आणि ग्राफ काढ. अडलं तिथे लाल पेनने भर. दोन दिवसांनी फक्त लाल भाग, आठवड्याने पुन्हा सगळं. शिवाय प्रत्येक आकड्याला "हा बदलला तर?" असं विचार. ५९५ चंच घे: रीएजंटमधला कूमासी रंग मोकळा असताना तपकिरी-लालसर असतो, त्याचं शोषण साधारण ४६५ ला. प्रथिनाला, मुख्यतः त्यातल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाला, चिकटला की निळा होतो आणि शोषण ५९५ ला सरकतं. पुढचा प्रश्न आपोआप येतो: आर्जिनिन कमी असलेलं प्रथिन बीएसएच्या ग्राफवर वाचलं तर? कमी दिसेल. परीक्षक बहुधा इथेच नेतात.

वहीचंही सांगतो. तक्ता लॅबमध्ये शिरण्याआधी तयार हवा: ट्यूब क्रमांक, स्टॉक, बफर, रीएजंट, वेळ, रीडिंग. कुठली पिपेट वापरली तेही लिही. रीडिंग टिश्यूवर किंवा तळहातावर लिहून मग जर्नलमध्ये उतरवू नकोस. चूक एका रेघेने खोड, व्हाइटनर नको. न जुळलेलं ०.३१ सुद्धा वहीत राहू दे, शेजारी शंका लिही.

निळी_टेस्टट्यूब:
पी-२०० च होती! आमचा तराजू ०.०१ ग्रॅमचा आहे. त्यावर पिपेट तपासता येईल का?

पिपेटप्रेमी:
नाही. २० मायक्रोलिटर पाणी म्हणजे २० मिलिग्रॅम, तुमच्या तराजूच्या जेमतेम दोन पायऱ्या. रंगाने तपास. ब्रोमोफिनॉल ब्लू या निळ्या रंगाचं असं द्रावण कर की त्यातले २० मायक्रोलिटर १ मिली पाण्यात घातल्यावर ५९० ला साधारण ०.५ येईल. अशा दहा ट्यूब कर. रीडिंगचं स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले सरासरी, गुणिले १०० हे २ च्या आत आलं तर हात स्थिर आहे. पिपेट खरंच २० देते का, हे मात्र यातून कळत नाही. जास्त आलं तर तीच पिपेट लॅब असिस्टंटच्या हातात देऊन दहा ट्यूब करून घे. त्यांचंही जास्त आलं तर पिपेटचं सील तपासायला द्या.