मदत हवी आहे: ॲड हॉक नेटवर्कचे दोन गट जुळल्यावर आयपी पत्त्यांची टक्कर होते

नमस्कार,

मोबाइल टॉवर नसलेल्या ठिकाणी चालावे असे नेटवर्क आम्ही रास्पबेरी पाय बोर्डांवर, वाय-फाय ॲड हॉक मोडमध्ये (मध्ये राउटर न ठेवता उपकरणे थेट एकमेकांशी जोडून) ठेवून उभारत आहोत. बोर्ड माणसांबरोबर फिरत असल्यामुळे डीएचसीपी सर्व्हर (सर्वांना आयपी पत्ते वाटणारा) ठेवता येईल असा एकही नोड (नेटवर्कमधला बोर्ड) कायम संपर्कात नसतो. म्हणून प्रत्येक नोड १६९.२५४ च्या पट्ट्यातला कोणताही एक पत्ता स्वतः निवडतो, तो कोणाकडे आहे का हे एआरपीने (पत्ता कोणाचा हे शेजारच्या उपकरणांना विचारणाऱ्या प्रोटोकॉलने) विचारतो आणि उत्तर आले नाही तर तोच धरून ठेवतो. राउटिंगसाठी, म्हणजे पॅकेट कोणत्या नोडमार्गे पाठवायचे हे ठरवण्यासाठी, ओएलएसआर हा प्रोटोकॉल आहे.

अडचण अशी की एआरपीची विचारणा एका हॉपपलीकडे, म्हणजे थेट शेजाऱ्यांच्या पुढे, जातच नाही. दोन गट वेगवेगळे सुरू होऊन नंतर एकमेकांच्या टप्प्यात आले की त्रास आणखी वाढतो: एकाच पत्त्यावर एसएसएच (दूरून सुरक्षित लॉगिन) केले असता कधी एक बोर्ड उघडतो, कधी दुसरा, आणि होस्ट की (बोर्डाची ओळख पटवणारी किल्ली) बदलल्याचा इशारा येतो. या पट्ट्यात वापरण्याजोगे पत्ते ६५,०२४ आहेत. सुमारे ३०० नोड झाले की कुठेतरी एक तरी टक्कर होण्याची शक्यता ५० टक्क्यांवर जाते, त्यामुळे याकडे दुर्लक्ष करणे मला योग्य वाटत नाही.

पर्किन्स आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या मसुद्यात ही विचारणा नेटवर्कभर पसरवायला सांगितली आहे. परंतु ती पत्ता घेतानाच होत असल्याने नंतर जुळणाऱ्या गटांचा प्रश्न उरतोच. नितीन वैद्य यांच्या २००२ च्या पद्धतीत पत्त्यासोबत नोडची स्वतंत्र किल्लीही राउटिंग संदेशांतून जाते, पण त्यासाठी संदेशांची रचना बदलावी लागेल. ती न बदलता टक्कर ओळखण्याचा मार्ग कोणी वापरला असल्यास कृपया सांगावे.

प्रतिसाद:

आधी पट्टा बदलावा. आरएफसी ३९२७ या इंटरनेट मानक दस्तऐवजानुसार १६९.२५४ चे पॅकेट राउटरने पुढे पाठवायचेच नसते, आणि तुमच्याकडे तर प्रत्येक नोड राउटर आहे. १० ने सुरू होणारा खाजगी पट्टा घेऊन उरलेली २४ बिटे मॅक पत्त्याच्या (वाय-फाय कार्डाच्या हार्डवेअर क्रमांकाच्या) हॅशमधून, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेल्या संख्येतून, काढली, तर तेवढ्याच ३०० नोडना टकरीची शक्यता पाव टक्क्याच्या आसपास येते.

उरलेल्या टकरी नुसते ऐकून ओळखता येतात. ओएलएसआरच्या प्रत्येक संदेशात मूळ प्रेषकाचा पत्ता आणि १६ बिटांचा अनुक्रमांक असतो. आपल्या पत्त्याचा, पण आपण न वापरलेल्या अनुक्रमांकाचा संदेश आला, तर तो पत्ता आणखी कोणाकडे तरी आहे. मात्र टीसी संदेश (नेटवर्कभर पसरणारी जोडण्यांची माहिती) एमपीआर म्हणून, म्हणजे शेजाऱ्यांचे संदेश पुढे पाठवण्यासाठी, निवडलेले नोडच पाठवतात, त्यामुळे कडेचे नोड यातून निसटतात; त्यांनी आपला शेजारी कधीच नसलेल्या नोडच्या टीसीमध्ये स्वतःचा पत्ता दिसतो का, हे पाहावे. आणखी एक: ओएलएसआरच्या आरएफसी ३६२६ प्रमाणे स्वतःच्या पत्त्याचा संदेश नोड न वाचताच टाकून देतो, तेव्हा ही तपासणी कोडमध्ये त्या पायरीच्या आधी बसवावी लागेल.