अनुभव धागा: दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द तुम्ही कसे शोधता?

खान्देशातल्या मंडळींसाठी हा धागा. समोर मूठभर इंग्रजी अक्षरं आहेत आणि त्यांतून शब्द काढायचेत. मग ते स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द मांडायचा खेळ) असो, वर्डल (पाच अक्षरांचा लपलेला शब्द ओळखायचं मोबाइलवरचं कोडं) असो की बुद्धिमत्तेचा पेपर. ॲपमध्ये अक्षरं टाकली की यादी बाहेर पडते, त्यात काही मजा नाही. तुमची हातची युक्ती सांगा.

जळगाव (धागाकर्ता)
मी शब्दाच्या शेपटाकडून सुरू करतो. आय-एन-जी, ई-डी, ई-आर जमत असेल तर ते बाजूला ठेवायचं आणि उरलेल्याशी खेळायचं. अक्षरं ओळीत न मांडता गोल मांडायची, नाहीतर डोळा तोच क्रम वाचत बसतो. एस, टी, ओ, पी गोलात लिहून बघा: स्टॉप, स्पॉट, पोस्ट, पॉट्स, टॉप्स, ऑप्ट्स. आपण मराठी माध्यमवाले आवाजावर शब्द शोधतो, तिथेच फसतो. के, एन, आय, एफ, ई हातात असतात आणि माणूस 'न'वरून सुरू होणारं काहीतरी शोधत बसतो. नाइफ सापडणार कुठून?

भुसावळ
रेल्वे कॉलनीत आम्ही स्क्रॅबल घरीच बनवलं होतं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीचे चौकोन कापले आणि स्केचपेनने अक्षरं काढली. पहिलं भांडण झालं एम आणि डब्ल्यूवरून: चौकोन फिरवला की एकाचं दुसरं! एन आणि झेडचंही तेच. मग प्रत्येक अक्षराखाली रेघ मारली. खऱ्या खेळात १०० सोंगट्या असतात, त्यांतल्या २ कोऱ्या. ई तब्बल १२ आणि क्यू एकच, पण १० गुणांचा. हा खेळ शोधणारा आल्फ्रेड बट्स मूळचा वास्तुविशारद. मंदीत काम गेल्यावर त्याने वर्तमानपत्रांत कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजून हा हिशेब बसवला. आमच्या संचात क्यू चार होते, कारण कापणाऱ्याला ते काढायला आवडायचे. यू मिळेना की डाव अडलाच. कात (क्यू-ए-टी), निकाब (एन-आय-क्यू-ए-बी), फकीर (एफ-ए-क्यू-आय-आर) हे यू नसलेले क्यूवाले शब्द डिक्शनरीत आहेत, हे फार उशिरा कळलं.

धुळे, अभ्यासिकेतून
आमच्याकडे खेळ नाही भो, मार्क आहेत. 'दिलेल्या शब्दातील अक्षरांपासून कोणता शब्द तयार होणार नाही?' हा प्रश्न सगळ्यांनी सोडवलेला असतो. नवी पोरं एकेक पर्याय जुळवत बसतात, वेळ जातो. युक्ती अशी की पर्यायात डबल आलेलं अक्षर आधी पकडायचं. समजा शब्द मेजरमेंट आहे आणि पर्याय मास्टर, टेन्युअर, समर, अशुअर. समरला दोन एम लागतात, ते आहेत. अशुअरला दोन एस लागतात, आपल्याकडे एकच. संपला प्रश्न. बाकीचे वाचायचेसुद्धा नाहीत.

शिरपूर (सध्या पुण्यात, कोडिंग)
सहा वेगवेगळ्या अक्षरांच्या ७२० मांडण्या होतात, सातांच्या ५०४०. ॲप त्या सगळ्या तपासत नाही. डिक्शनरीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं ते आधीच एबीसीडीच्या क्रमाने लावून ठेवतं. लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सल या चारही शब्दांची किल्ली एकच: ई, आय, एल, एन, एस, टी. तुम्ही दिलेली अक्षरंही तशीच लावायची आणि त्या किल्लीचा कप्पा उघडायचा. काही अक्षरं सोडून चालणार असेल तर मात्र वर धुळेकरांनी सांगितलं तसंच, कुठलं अक्षर किती वेळा ते मोजायचं.

शहादा, जिल्हा परिषद शाळा
माझ्या वर्गात घरी कुणी भिली बोलतं, कुणी अहिराणी. इंग्रजी सगळ्यांनाच सारखं परकं, त्यामुळे या खेळात कुणी मागे राहत नाही. फळ्यावर एलिफंट लिहिलं. पेन, नेट, हॅट निघाले. मग शेवटच्या बाकावरची मुलगी ओरडली, "सर, हत्तीत मुंगी आहे!" अँट! सगळा वर्ग उठून फळ्यापाशी आला. त्यानंतर कोंबडीही सापडली, हेन. प्लॅनेट मी सांगितला तेव्हा मात्र कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही.

अमळनेर
फक्त वाचतेय. माझं वर्डल चालू असतं तेव्हा आजी मोबाइलमध्ये डोकावून "हाई काय शे व माय?" विचारते. पाच अक्षरांत ए, ई, आर, एस, टी लवकर तपासून घ्या, एवढंच सांगते.

चोपडा
आमचा गाडीतला खेळ. पुढच्या एमएच १९वाल्या गाडीची मधली दोन अक्षरं घ्यायची आणि ती लागोपाठ येतील असा शब्द सांगायचा. बीटी आलं की आमच्याकडे आधी कापूस आठवतो! पण डाउट, डेट, सटल, ऑब्टेन एवढे निघतात. यातला डेट म्हणजे कर्जवाला, तारखेचा नव्हे. पहिल्या तिन्हींत बी गप्प बसतो, म्हणून पोरांना ऑब्टेनच पहिला सुचतो. डीव्ही आलं तर ॲडव्हान्स, ॲडव्हेंचर. झेडएक्स आलं की पुढच्या गाडीची वाट बघायची.