स्वतंत्रपूरच्या वेशीवर सिनेमाचं नाव लावावं का?

माणगंगाकाठ:
'दो आँखें बारह हाथ' म्हटलं की लोकांना व्ही. शांताराम आठवतात, १९५७ साल आठवतं, बर्लिनचं पारितोषिकही आठवतं. आटपाडी मात्र कुणाच्या तोंडी येत नाही. ती गोष्ट जिथून सुचली ती कैद्यांची खुली वसाहत, स्वतंत्रपूर, आपल्या सांगली जिल्ह्यात, आटपाडीच्या शिवारात आहे. १९३९ मध्ये औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी इथं कैद्यांना बेड्यांशिवाय शेतीला लावलं. कथा लिहिली गदिमांनी, म्हणजे माडगूळच्याच माणसानं. वेशीवर ठळक फलक लागावा आणि शाळांच्या सहली याव्यात, असं माझं ठाम मत आहे.

वाळव्याची लेक:
फलकाला माझा सक्त विरोध. तिथं आजही शिक्षा भोगणारी माणसं बायकापोरांसह राहतात. सहल आली की मोबाईल निघणार, 'यातला खुनी कोण?' असं कुणीतरी विचारणार. ते ऐकणाऱ्या पोराला दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं असतं, दादा. एवढीच हौस असेल तर फलक औंधच्या संग्रहालयापाशी लावा.

माणगंगाकाठ:
ताई, पोरांचा मुद्दा मान्य. पण सिनेमा बघून लोकांच्या डोक्यात काय बसलंय? सहा कैदी, एक देवमाणूस जेलर, ओसाड माळ आणि शेवटी बैलाशी झुंजताना जेलरचा मृत्यू. स्वतंत्रपूरचं मर्म वेगळंच आहे. घरात चूल पेटलेली, रानात पीक उभं, मग माणूस पळून जाईल कशाला? एका जेलरच्या नजरेच्या धाकापेक्षा ही कल्पना मला कितीतरी मोठी वाटते. ती सिनेमाच्या सावलीत राहिली.

विट्याचा वाचक:
सावली फलकानं हटत नाही, उलट वाढते. अलेक्झांडर सेलकर्क हा स्कॉटिश खलाशी १७०४ ते १७०९ चिलीजवळच्या एका बेटावर एकटा राहिला. रॉबिन्सन क्रूसो त्याच्यावरून सुचला असं मानतात. १९६६ मध्ये चिलीनं त्या बेटाला क्रूसोचं नाव दिलं, आणि सेलकर्कचं नाव दिलं दुसऱ्याच बेटाला, जिथं तो कधी राहिलाच नव्हता! पर्यटकांना हवं असतं ते गोष्टीतलं. शिवाय गदिमांनी कुठं इतिहास लिहायला घेतला होता? त्यांच्या कथेला हिशेब मागू नका.

खानापूर घाट:
हिशेब कोण मागतंय? व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' कादंबरीत तालमीसाठी राजा गावात येतो. औंधच्या पंतांचं सूर्यनमस्काराचं वेड ज्याला माहीत आहे, त्याला ते पान दुप्पट भिडतं. माहिती असली म्हणून गोष्ट कमी होत नाही.

माणगंगाकाठ:
मग असं करू. वस्तीपासून लांब, आटपाडीच्या एसटी स्टँडवर फलक. वर १९३९, भवानराव आणि फ्रीडमन, सिनेमाचं नाव खाली बारीक अक्षरात.

वाळव्याची लेक:
स्टँडवर चालेल. कैद्यांचा फोटो एकही नको, आणि वस्तीकडं जायचा बाण तर मुळीच नको.

विट्याचा वाचक:
माझी हरकत कायम. सिनेमाचं नाव बारीक लिहा नाहीतर ठळक, लोक तेवढंच वाचतील.